कॉम्प्युटर सायन्सला नवीन आहात? वर्षभरातल्या संधी हातातून न जाऊ देता कशा पकडायच्या

दरवर्षी कॉम्प्युटरला नवीन बॅच येते आणि पुढच्या मे महिन्यात त्याच बॅचमधली बरीच पोरं म्हणतात की आम्हाला कळलंच नाही. अमुक स्कॉलरशिप होती, तमुक हॅकेथॉन होता, उन्हाळ्यात आयआयटीत जाऊन काम करता आलं असतं, हे सगळं कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजात निदान सीनियर तरी सांगतात, पण लातूर, जळगाव, रत्नागिरीच्या कॉलेजात ते सांगणारं कोणीच नसतं, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण त्या मुलांच्यात काही कमी नसते, फक्त बातमी उशिरा पोचते.

मोठ्या संधी जवळपास सगळ्या दरवर्षी त्याच त्याच महिन्यांत येतात. त्यामुळे घोषणा व्हायच्या आधी तीन-चार महिने तयारी सुरू करता येते, आणि ज्यांना निवडतात ती पोरं बहुतेक हेच करत असतात. बीई, बीटेक, बीसीएस, बीसीए, एमसीए कुठेही असा, खालचं बरंचसं तुम्हाला लागू आहे.

पायरी १: नोटीस पूर्ण वाचायची सवय लावा

ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येते ती नोटीस म्हणजे चार ओळी, दहा इमोजी आणि एक लिंक. त्याच्यावर जाऊ नका, मूळ वेबसाइट उघडा आणि शेवटपर्यंत वाचा.

सगळ्यात आधी पात्रता बघायची. जर्मनीच्या डाड या संस्थेची वाइज नावाची स्कॉलरशिप आहे, इंजिनियरिंगच्या मुलांना उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मनीतल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, पण ती ठराविक कॉलेजांच्या यादीपुरती असते आणि तिथल्या प्रोफेसरचं निमंत्रण पत्र तुम्हालाच मिळवायचं असतं, म्हणजे यादी न बघता दोन महिने मेल करत बसलात तर सगळं पाण्यात. तसंच आउटरीचीचं, ही ओपन सोर्समधली, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमधली, इंटर्नशिप आहे, ७,००० डॉलर स्टायपेंड मिळतो, आणि टेक क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो अशांसाठी ती खास आहे. त्यांच्या दोन फेऱ्या असतात, पण आपल्याकडच्या कॉलेजमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींना साधारणपणे मे ते ऑगस्टचीच फेरी चालते, डिसेंबरची नाही, कारण तेव्हा आपलं कॉलेज चालू असतं. मुलींनी ही संधी नक्की बघा, आपल्याकडे अजून फार कमी जणींना माहीत आहे.

मग तारीख, आणि तारखेसोबत वेळ. गुगल समर ऑफ कोड म्हणजे ओपन सोर्स संस्थेसाठी कोड लिहायचा आणि स्टायपेंड मिळवायचा तो कार्यक्रम, त्याची शेवटची वेळ १८:०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अशी लिहिलेली असते, म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. काही कॉन्फरन्स आणि समर स्कूलच्या नोटिशीत एओई लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही तो दिवस अजून चालू असेल तोवर फॉर्म घेतला जाईल, म्हणजे ३१ तारीख एओई असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत. हे माहीत असलं तर जीव शांत राहतो, पण म्हणून शेवटच्या तासाची वाट बघू नका, साइट नेमकी तेव्हाच रखडते.

आणि तिसरं म्हणजे फॉर्म नक्की कोण भरणार. काही ठिकाणी तुम्ही स्वतः भरता, काही ठिकाणी कॉलेजमार्फतच जातं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन ही सरकारी प्रश्नांवर टीमने उपाय बनवायची देशभरातली स्पर्धा, तिला टीमचं नाव कॉलेजचा नेमलेला माणूस पाठवतो, त्याला एसपीओसी म्हणतात. तुमच्या कॉलेजात हे काम कोणत्या सरांकडे किंवा मॅडमकडे आहे ते आजच विचारून ठेवा, आणि कोणाकडेच नसेल तर चारपाच जणांनी मिळून एचओडींना भेटा, एकट्याने गेलात तर बघू म्हणतील.

पायरी २: कागदांची फाईल आधीच तयार ठेवा

हे कंटाळवाणं काम आहे पण फॉर्म अडतात ते इथेच. एक फोल्डर करा, त्यात बोनाफाईड, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार, पॅन, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर, फोटो आणि सही, सगळं स्कॅन करून ठेवा. फोनवर तिरकं काढलेलं चालत नाही, पीडीएफ करा आणि साइज कमी करून ठेवा कारण सरकारी पोर्टल मोठी फाईल घेतच नाहीत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो, आणि ॲडमिशनच्या दिवसात तिथे अशी गर्दी असते की हे काम एप्रिल-मे मध्येच उरकलेलं बरं.

नावाची भानगड पण बघून घ्या. आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं आणि आधारवर उलटं, कुठे आईचं नाव पण येतं, त्यामुळे परदेशी फॉर्म भरताना फर्स्ट नेम कुठलं नि लास्ट नेम कुठलं यात गोंधळ होतो. एकच पद्धत ठरवा, शक्यतो पासपोर्टवर जशी आहे तशी, आणि सगळीकडे तीच वापरा. पासपोर्ट नसेल तर दुसऱ्या वर्षात काढून टाका.

स्कॉलरशिपचं इथेच सांगतो. महाराष्ट्रात महाडीबीटी हे मुख्य पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणजे ज्याला सगळे ईबीसी म्हणतात ती याच्यावरच आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि ॲडमिशन कॅप राऊंडमधून झालेली हवी. फॉर्म भरून झोपून जाऊ नका, दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघा, कारण कॉलेजच्या क्लार्ककडून कागद अपुरा म्हणून तो परत पाठवला जातो आणि पोरांना महिनोन्महिने पत्ता नसतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत जाऊन ते सीडिंग झालंय का विचारा, खात्याला नुसता आधार नंबर दिला म्हणजे झालं असं नाही. दरवर्षी रिन्यू पण करावं लागतं.

मुलींसाठी एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेची प्रगती स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एआयसीटीई मान्यता असलेल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला असाल तर, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोघींपर्यंत. ती नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरतात. महाडीबीटी आणि ही एकत्र घेता येते का याचे नियम वाचूनच फॉर्म भरा.

पायरी ३: स्वतःचं कॅलेंडर बनवा

फोनमध्ये किंवा भिंतीवर, कुठेही, पण महिनावार लिहा. अचूक तारखा दरवर्षी बदलतात, ऋतू तोच राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रोफेसरांचे ऑनलाइन, कोर्स सुरू होतात, दुसरी फेरी जानेवारीत असते. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची तर १,००० रुपये, आणि मार्कात २५ टक्के दर आठवड्याच्या असाइनमेंटचे धरतात म्हणून मध्येच सोडू नका. याच सुमाराला स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची हालचाल सुरू होते, आणि ऑगस्टच्या शेवटाला किंवा सप्टेंबरमध्ये गेटचे, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचे, फॉर्म. गेट तिसऱ्या वर्षातले पण देऊ शकतात, स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून तिसऱ्या वर्षात एकदा देऊन बघायला माझा पाठिंबा आहे, पेपर कसा असतो ते अंगवळणी पडतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे आणि नेमके तेव्हाच गणपती, नवरात्र, दिवाळी आणि सेमिस्टरची परीक्षा. बेंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम, त्याचे अर्ज याच काळात असतात. वाइजची तारीखही साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला. आयसीपीसी या कॉलेज टीमच्या आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धेच्या ऑनलाइन फेऱ्या पण इथेच आसपास.

जानेवारीत मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम बघा, कुलाब्याच्या त्या कॅम्पसवर थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचं काम फार वरच्या दर्जाचं चालतं, गणित आवडणाऱ्या पोरांनी हे सोडूच नये. जानेवारी-फेब्रुवारीत आउटरीचीचा पहिला अर्ज, फेब्रुवारीत गेटची परीक्षा आणि गुगल समर ऑफ कोडच्या संस्थांची यादी, मार्चमध्ये त्याचे प्रपोजल म्हणजे कामाचे प्रस्ताव. आयआयटी बॉम्बेच्या फॉसी या ओपन सोर्स प्रकल्पाची समर फेलोशिप पण याच दिवसांत. एसीएम इंडिया या कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संघटनेची समर स्कूल उन्हाळ्यात असतात, त्यांच्या घोषणेवर मार्चपासून लक्ष ठेवा.

म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत काय करायचं हे दिवाळीच्या आधी ठरवायचं असतं. एप्रिलमध्ये इंटर्नशिप शोधायला निघालात तर जे उरलंय तेच मिळणार.

पायरी ४: गुगल समर ऑफ कोड, जरा सविस्तर

याच्यावर जास्त लिहितो कारण यात कॉलेजचं नाव विचारत नाहीत, सीजीपीए विचारत नाहीत, तुम्ही केलेलं काम बघतात. २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची पण अट नाही, वय १८ पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवे असलात तरी चालतं. छोटा प्रोजेक्ट साधारण ९० तासांचा, मधला १७५ चा, मोठा ३५० चा. स्टायपेंड देशाप्रमाणे आणि प्रोजेक्टच्या आकाराप्रमाणे ठरतो, मध्यावरच्या मूल्यमापनानंतर ४५ टक्के आणि शेवटी ५५ टक्के येतो.

संस्थांची नवी यादी फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात लागते, पण मागच्या वर्षांच्या याद्या साइटवर कायम असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या उघडा, तुम्हाला येणाऱ्या भाषेतली म्हणजे पायथन, जावा, सी प्लस प्लस जी काही असेल तिच्यातली, आणि तीन-चार वर्षं सलग दिसणारी संस्था निवडा, म्हणजे पुढच्या वर्षीही ती असण्याची शक्यता जास्त. दोन निवडा, दहा नकोत.

मग त्यांचा कोड आपल्या लॅपटॉपवर उतरवून चालू करून बघा. हे ऐकायला सोपं वाटतं, पण बऱ्याच पोरांचा पहिला महिना यातच जातो, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मोठा ब्राउझर किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला, घेतलीत तर रात्रभर फॅन फिरत राहील आणि सकाळी एरर. म्हणून मशीन साधं असेल तर लहान प्रोजेक्ट निवडा, त्यात कमीपणा काही नाही. विंडोजवर अडत असेल तर लिनक्स टाका, ते तसंही शिकायचंच आहे.

चालू झालं की त्यांच्या चॅटवर या. आपल्याकडची पोरं पहिलाच मेसेज टाकतात, हॅलो सर, मला काँट्रिब्यूट करायचंय प्लीज गाइड मी. त्याला उत्तर येत नाही आणि पोरं नाराज होतात. समोरचा माणूस बहुतेक आपली नोकरी सांभाळून फुकट वेळ देतोय, त्याला नेमकं विचारा: मी हे केलं, ही कमांड दिली, पूर्ण एरर हा आला, सिस्टीम ही आहे, हे हे करून बघितलं, पुढे कुठे बघू? असा प्रश्न विचारला की उत्तर येतंच येतं असं नाही पण बहुतेक वेळा येतं. सर-मॅडम लावायची गरज नाही, तिथे नावानेच बोलतात, आणि इंग्रजी मोडकं असलं तरी कोणी हसत नाही.

पहिलं काम लहान घ्या, नवख्यांसाठी खूण केलेले इश्यू म्हणजे नोंदवलेल्या अडचणी असतात त्यातलं. स्पेलिंग दुरुस्त करून सुरुवात झाली तरी ठीक, पण तिथेच थांबलात तर निवड होणार नाही, मार्चपर्यंत दोनतीन खरे बग सोडवलेले हवेत. एआयकडून कोड लिहून घेऊन जसाच्या तसा पाठवू नका, अनेक संस्थांनी याबद्दल स्वतःचे नियम लिहिलेत ते वाचा, आणि मेंटॉरने ही ओळ का लिहिली असं विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

प्रपोजल म्हणजे पीडीएफ. त्यात अडचण काय आहे, तुम्ही ती कशी सोडवणार, कुठल्या आठवड्यात काय करणार हे लिहायचं. आणि एक गोष्ट आपल्या मुलांसाठी खास महत्त्वाची: मे-जूनमध्ये आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा असतात आणि टाइमटेबल शेवटच्या क्षणापर्यंत हलतं, ते प्रपोजलमध्ये सरळ लिहा की या सुमाराला परीक्षा आहे, त्या आठवड्यात काम कमी होईल, नंतर इतके तास जास्त देईन. लपवलंत तर मध्यावर अंगाशी येतं. कच्चं प्रपोजल शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी मेंटॉरला दाखवा. तीनपर्यंत प्रपोजल देता येतात, पण एक घट्ट लिहिलेलं असेल तर ते तीन विस्कळीत प्रपोजलपेक्षा कधीही भारी.

आपली मराठी पण इथे उपयोगी पडते बरं का. आपर्टियम हा मशीन भाषांतराचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, त्यात मराठीवरही काम झालेलं आहे, मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आवाज गोळा होतात, विकिमीडियाकडे तर कामाचा डोंगर आहे. विभक्ती, सामान्यरूप, जोडाक्षरं हे ज्याला आतून कळतं असा प्रोग्रामर त्यांना सहज मिळत नाही, आणि तुम्ही तो असू शकता.

एकदम एवढं जड वाटत असेल तर आयआयटी बॉम्बेचं फॉसी हे चांगलं पहिलं दार आहे. शिक्षण मंत्रालयाच्या मदतीने चालतं, सायलॅब (गणिती हिशोबाचं सॉफ्टवेअर), पायथन, ईसिम (सर्किटचं), ओपनफोम (द्रव-वायूच्या प्रवाहाचं) यांच्यावरचे प्रकल्प आहेत. समर फेलोशिपची निवड ते स्क्रीनिंग टास्कवरून करतात, दिलेलं काम वेळेत करून पाठवायचं, बस. शिवाय पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये कोड करून देण्याचं काम त्यांच्याकडे असतं आणि त्याला मानधन मिळतं, दुसऱ्या वर्षातल्या मुलालाही जमेल असं.

पायरी ५: टीम जमवा

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांची टीम लागते, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी हवी. आधी कॉलेजात अंतर्गत फेरी होते, मग कल्पना वरती जाते, निवड झाली तर सॉफ्टवेअरची फायनल सलग ३६ तास चालते. प्रश्न मंत्रालयं आणि सरकारी खाती देतात. मागच्या वर्षांचे प्रश्न नेटवर सापडतात, जूनमध्येच त्यातला एक घेऊन सराव करा. प्रश्न निवडताना एकच बघा, याचा डेटा आपल्याला खरंच मिळणार आहे का? डेटा नसेल तर कितीही भारी कल्पना कागदावरच राहते.

त्या मुलीच्या अटीबद्दल मनापासून बोलायचंय. बऱ्याच टीम नियमापुरतं एका मुलीचं नाव घालतात आणि तिला पीपीटी करायला बसवतात. असं करू नका. आणि मुलींनो, तुम्हाला असं विचारायला आलं तर माझ्याकडे कुठलं मॉड्यूल असेल हे आधी विचारा, उत्तर गोलमाल आलं तर स्वतःची टीम काढा.

आयसीपीसी वेगळी, तिथे तिघांची टीम, एकच कॉम्प्युटर आणि पाच तास. चुकीचं सबमिशन झालं आणि नंतर तो प्रश्न सुटला तर प्रत्येक चुकीची २० मिनिटं दंड म्हणून वाढतात. म्हणून तिघांनी आपापल्या खोलीत सराव करून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा एकाच कीबोर्डवर बसा, एक टाइप करतोय तोवर बाकी दोघं कागदावर पुढचा प्रश्न सोडवतायत असं. सीएसईएस या सरावाच्या साइटचे प्रश्न ओळीने सोडवा, कोडफोर्सेस या साइटवरच्या स्पर्धा बहुतेक रात्री आपल्या सोयीच्या वेळेत असतात. कोच म्हणून कॉलेजमधलं कोणीतरी लागतं, त्यांना कोडिंग येत नसलं तरी चालेल, सही आणि पाठिंबा पुरे.

पायरी ६: प्रोफेसरांना मेल

रिसर्च इंटर्नशिपसाठी मेल करताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं. एका प्रोफेसरांचा एक पेपर घ्या, निदान प्रस्तावना आणि निष्कर्ष समजून वाचा, आणि त्यातलं काय कळलं, काय नाही कळलं हे दोन वाक्यांत लिहा. मग तुम्ही केलेलं एक काम लिंकसकट, कुठल्या तारखांना मोकळे आहात ते, आणि एक पानाचा रेझ्युमे. मेल दहा-बारा ओळींच्या वर नको. उत्तर नाही आलं तर आठवड्या-दीड आठवड्याने एकदाच आठवण करा. शिफारसपत्र तुमच्या कॉलेजच्या सरांकडून किंवा मॅडमकडून हवं असेल तर किमान तीन आठवडे आधी सांगा, आणि तुम्ही त्यांच्या विषयात काय केलं होतं ते लिहून द्या, त्यांच्याकडे शंभर मुलं असतात, आठवेलच असं नाही.

पायरी ७: फसवणूक ओळखा

सध्या हे इतकं वाढलंय की वेगळं लिहावंच लागतं. इंटर्नशिप देणारा तुमच्याकडून पैसे मागत असेल, मग ते रजिस्ट्रेशन म्हणा, सिक्युरिटी डिपॉझिट म्हणा की लॅपटॉपची अनामत म्हणा, तर ती नोकरी नाही. इंटरव्ह्यू न घेता आलेलं ऑफर लेटर, मोठ्या कंपनीचं नाव पण साध्या जीमेलवरून आलेला मेल, आज रात्रीच पैसे भरा अशी घाई, यातलं काहीही दिसलं की थांबा. कंपनीच्या मूळ साइटवर करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा. गेट, एनपीटीईएल यांना फी असते पण ती परीक्षेची फी असते आणि त्यांच्याच साइटवर भरायची असते. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, आणि घरी पण सांगा.

आणखी एक प्रकार आहे जो अगदी फसवणूक नाही पण वेळ खातो. महिनाभराची व्हर्च्युअल इंटर्नशिप, त्यात कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट बनवायची, शेवटी सर्टिफिकेट. त्याला बाहेर किंमत नाही. तोच महिना एखाद्या खऱ्या प्रोजेक्टमध्ये एक बग सोडवायला द्या.

निवड नाही झाली तर

बहुतेकांची पहिल्या खेपेला होत नाही, जागा कमी आणि अर्ज प्रचंड असतात. समर ऑफ कोडमध्ये नाव नाही आलं तर मेंटॉरला छोटा मेल करा, प्रपोजलमध्ये काय कमी पडलं विचारा, सगळे उत्तर देत नाहीत पण काही जण खूप नीट सांगतात. तुमचा जो कोड त्यांनी घेतला तो तुमच्या नावावर तिथेच राहणार आहे, तो रेझ्युमेत लिहा. जमलं तर जून-जुलैमध्ये त्याच संस्थेत थोडं थोडं काम चालू ठेवा, कारण तेव्हा नवखी गर्दी ओसरलेली असते, मेंटॉर तुम्हाला नावाने ओळखायला लागतात आणि ऑक्टोबरमध्ये नवी पोरं कोड उतरवून बिल्ड करायला झगडत असतात तेव्हा तुमचं बिल्ड आधीच चालू असतं.